तीन बोटं, चार आकडे : कामावर आलेल्या अपंगत्वाची भरपाई कशी मोजतात?

तीन बोटं गेली तर किती पैसे मिळतात?

प्रश्न ऐकायला कसासाच वाटतो. पण वसई पूर्वेला वालीव, गोखिवरे, सातिवली, पेल्हार या पट्ट्यात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या माणसाला तो नवा नाही. इथल्या गाळ्यांमध्ये पॉवर प्रेस, प्लास्टिक मोल्डिंग, कटिंग, पॅकिंग अशी कामं चालतात. प्रेसवर पत्रा सरकवायचा, पेडल दाबायचं, हात मागे घ्यायचा, आणि हे दिवसभर हजारो वेळा करायचं. एकदा हात मागे यायला उशीर झाला की झालं. मग दवाखाना, मग घरी बसणं, आणि महिन्याभराने मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून एक आकडा ऐकू येतो : “एवढे घे, सही कर.”

तो आकडा बरोबर आहे की नाही, हे कामगाराने कसं ओळखायचं? माझं पीएचडीचं काम याच हिशेबाभोवती फिरतं, म्हणून आज तो तुमच्यासमोर सरळ मांडते. गणित सातवी-आठवीचं आहे, गुणाकार आणि टक्केवारी, बस. अवघड भाग वेगळाच आहे. त्या गुणाकारात घालायचे चार आकडे कुणी ठरवायचे आणि कशावरून, यावर सगळी लढाई असते.

आधी हे बघा : ईएसआय की १९२३ चा कायदा?

कामावर अपघात झाला की दोन वाटा असतात. दोन्हींवर एकदम चालता येत नाही.

पहिली वाट राज्य कामगार विम्याची, म्हणजे आपण ज्याला ईएसआय म्हणतो ती. कारखान्यात १० किंवा जास्त माणसं असतील आणि तुमचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर साधारणपणे तुम्ही ईएसआयमध्ये येता. मग मालकावर १९२३ च्या कायद्याखाली वेगळा दावा लावता येत नाही. ईएसआय कायद्याच्या कलम ५३ ने तो रस्ता बंद केला आहे.

दुसरी वाट कर्मचारी नुकसानभरपाई कायदा, १९२३ ची. हा कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. आधी त्याच्या नावात ‘वर्कमेन’ होतं, २००९ च्या दुरुस्तीत ते ‘एम्प्लॉइज’ झालं. पाच-सहा माणसांचा गाळा, किंवा पगार २१,००० च्या वर, म्हणजे जो ईएसआयच्या बाहेर राहतो त्याच्यासाठी ही वाट. इथे भरपाई एकरकमी मिळते.

दोन्हींत फरक किती पडतो ते पुढे आकड्यांत बघूच. आत्ता एवढंच लक्षात ठेवा : मालकाने ईएसआयची वर्गणी भरली नाही, कार्ड काढलं नाही, म्हणून कामगाराचा ईएसआयचा हक्क जात नाही. थकलेली वर्गणी मालकाकडून वसूल करणं हे महामंडळाचं काम आहे. कार्ड अपघातानंतर निघणं ही काही अपवादाची गोष्टही नाही. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था हरियाणा आणि पुण्याच्या वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते, त्यांतही हीच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते.

सूत्र

आता १९२३ च्या कायद्याचा हिशेब. कलम ४ सांगतं त्याचं साधं रूप असं :

महिन्याचा पगार × ६० टक्के × वयाचा गुणक × कमाईची क्षमता किती टक्के गेली

पहिले तीन गुणले की ‘कायमचं पूर्ण अपंगत्व’ आल्यास मिळणारी रक्कम येते. ही रक्कम कायद्यानेच ठरवलेल्या किमान १,४०,००० पेक्षा कमी धरता येत नाही. अपंगत्व अंशतः असेल, तर त्या रकमेचा तेवढा टक्का.

वयाचा गुणक कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात छापलेला आहे. वय १६ किंवा कमी असेल तर २२८.५४. विसाव्या वर्षी २२४, पंचविशीत २१६.९१, तिशीत २०७.९८, चाळिशीत १८४.१७, पन्नाशीत १५३.०९, आणि ६५ किंवा पुढे ९९.३७. वय म्हणजे शेवटच्या वाढदिवसाला पूर्ण झालेली वर्षं.

हा गुणक म्हणजे काय ते समजून घ्या. २४ वर्षांच्या मुलाचा गुणक २१८.४७ आहे, म्हणजे इतक्या महिन्यांची, साधारण १८ वर्षांची रक्कम. तुम्ही म्हणाल, त्याच्यापुढे तर ३५ वर्षांचं काम होतं! बरोबर. पण पुढे महिन्या-महिन्याने मिळायचे पैसे आज एकदम हातात येतात आणि त्यावर व्याज मिळेल, असं गृहीत धरून आकडा खाली आणलेला असतो. ते व्याज खरंच मिळतं का, की निम्मे पैसे गावच्या कर्जात आणि दवाखान्याच्या उधारीत जातात, हे परिशिष्ट विचारत नाही.

बोटांचं कोष्टक

शेवटचा आकडा, टक्केवारी, पहिल्या परिशिष्टाच्या दुसऱ्या भागात आहे. हातापुरतं बघू :

• अंगठा गेला : ३०
• अंगठ्याचं शेवटचं पेर : २०
• एका हाताची चार बोटं : ५०
• तीन बोटं : ३०
• दोन बोटं : २०
• तर्जनी पूर्ण : १४, दोन पेरं : ११, एक पेर : ९
• मधलं बोट पूर्ण : १२, दोन पेरं : ९, एक पेर : ७
• अनामिका किंवा करंगळी पूर्ण : ७, दोन पेरं : ६, एक पेर : ५
• पूर्ण पंजा : ६०

हाड न जाता नुसतं टोक कापलं गेलं तर आणखी कमी : तर्जनीला ५, मधल्या बोटाला ४, करंगळी-अनामिकेला २.

कोष्टक नीट वाचलं की दोन गोष्टी खटकतात. एक, डावा-उजवा हा भेद नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा अंगठा गेला काय आणि डावा गेला काय, टक्के तेवढेच. दोन, बेरजा जुळत नाहीत. तर्जनी १४ आणि मधलं बोट १२, मिळून २६ होतात. पण ‘दोन बोटं’ या ओळीत २० लिहिलेत. उलट अनामिका आणि करंगळी मिळून १४ होतात, आणि ‘दोन बोटं’ म्हणून बघितलं तर तेच २०. त्यामुळे इजा कोणत्या ओळीत बसवायची इथूनच वकिलांचं भांडण सुरू होतं. दाव्याच्या अर्जात ‘बोटांना इजा’ असं मोघम न लिहिता कोणतं बोट, कितव्या पेरापासून, कोणत्या हाताचं, हे सगळं लिहायचं ते याचसाठी.

परिशिष्टाच्या शेवटी एक टीप आहे, ती फार कामाची आहे. अवयव शाबूत आहे, पण त्याचा वापर पूर्णपणे आणि कायमचा गेला, तर तो अवयव गेल्यासारखाच धरायचा. बोट जागेवर आहे पण काठीसारखं ताठ झालंय, मुठीत येतच नाही, तर “बोट तर आहे की!” हे उत्तर पुरेसं नाही.

आता हिशेब करू

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. प्रेसवर काम करणारा मुलगा, वय २४ पूर्ण, पगार १५,००० रुपये, ईएसआय लागू नाही, एका हाताची तीन बोटं गेली.

१५,००० चे ६० टक्के : ९,०००
९,००० × २१८.४७ : १९,६६,२३०
त्याचे ३० टक्के : ५,८९,८६९ रुपये

आणि हाच मुलगा ईएसआयमध्ये असता तर? तिथे एकरकमी हिशेब नाही, आयुष्यभराचं मासिक पेन्शन आहे. दिवसाची सरासरी मजुरी ५०० धरली, तर तिच्या ९० टक्के म्हणजे ४५० हा पूर्ण अपंगत्वाचा दर. वैद्यकीय मंडळाने ३० टक्के क्षमता गेली असं ठरवलं, तर दिवसाला १३५ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ४,०५०. व्याज बाजूला ठेवलं तर बाराएक वर्षांत ही रक्कम ५.९० लाखांच्या पुढे जाते, आणि पुढेही चालू राहते. चोवीस वर्षांच्या मुलासाठी ही लहान गोष्ट नाही. म्हणून “ईएसआयमध्ये काय ठेवलंय, त्यापेक्षा रोख घे” हा सल्ला ऐकताना आधी हा गुणाकार करून बघा.

कोणता आकडा किती जड?

संशोधनात आम्ही एक सोपी युक्ती वापरतो. सूत्रातला एकेक आकडा थोडासा हलवायचा आणि उत्तर किती हलतं ते बघायचं. याच उदाहरणावर करू.

वय एका वर्षाने चुकलं, २४ ऐवजी २५ धरलं : ४,२१२ रुपये कमी.

टक्केवारी एका टक्क्याने चुकली, ३० ऐवजी २९ : १९,६६२ रुपये कमी.

पगार महिना १,००० रुपयांनी कमी दाखवला : ३९,३२४ रुपये कमी.

म्हणजे आधार कार्डावर १ जानेवारी अशी ढोबळ जन्मतारीख असली, तरी त्यावरून वर्षभर तारखा वाढवण्यात अर्थ नाही. खरा भार पगाराचा आहे, आणि वसईच्या गाळ्यांत कागदावर सगळ्यांत कच्चा आकडा तोच असतो. हातात १५,०००, व्हाउचरवर ८,०००, आणि बऱ्याचदा व्हाउचरसुद्धा नाही. आयुक्तांसमोर ८,००० च सिद्ध झाले तर हिशेब होतो ३,१४,५९७. नुकसान २,७५,२७२ रुपये.

या २,७५,२७२ आकड्याकडे नीट बघा. १५,००० पगारावर, याच वयाला, पूर्ण तर्जनीचे १४ टक्के काढले तर बरोबर हीच रक्कम येते. कागदावर सात हजार कमी लिहिणं म्हणजे या मुलाच्या हिशेबातून एक अख्खी तर्जनी पुसून टाकणं. प्रेसने तीन बोटं घेतली, पगारपत्रकाने चौथं.

पगार सिद्ध कसा करायचा?

कायद्यात मासिक पगार म्हणजे अपघाताआधीच्या बारा महिन्यांची सरासरी, किंवा तेवढं काम झालं नसेल तर जितकं झालं त्यावरून. पगारात पैशांत मोजता येईल असा फायदाही धरला जातो. गाळ्यातच राहायला फुकट जागा दिली असेल तर तीही त्यात मांडता येते. प्रवासभत्ता आणि पीएफमधला मालकाचा हिस्सा मात्र धरत नाहीत.

वरची मर्यादाही आहे. ३ जानेवारी २०२० च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेपासून जुन्या कायद्याखाली जास्तीत जास्त १५,००० रुपये पगार धरला जातो. त्याआधी २०१० पासून ही मर्यादा ८,००० होती. कोणता दर लागू, हे अपघाताच्या तारखेवरून ठरतं, निकालाच्या तारखेवरून नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये केरळच्या वीज मंडळाच्या प्रकरणात हे पक्कं केलं. त्यामुळे २०१९ चा अपघात असेल आणि निकाल आज लागला तरी मर्यादा ८,००० ची.

कागद नसेल तर काय? बँकेत पगार जमा होत असेल तर पासबुक. रोख मिळत असेल तर फोनवरून मालकाने पाठवलेले पैसे, हजेरीचे फोटो, सुपरवायझरचे मेसेज, सोबत काम करणाऱ्यांची साक्ष. तेही नसेल तर निदान त्या कामासाठी सरकारने ठरवलेलं किमान वेतन तरी धरा, असं मांडता येतं. किमान वेतनाच्या खाली पगार दाखवणारा मालक त्या कागदाने स्वतःविरुद्धच पुरावा देत असतो.

हात किती गेला आणि कमाई किती गेली

आता सगळ्यांत जास्त गोंधळाची जागा. सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखला मिळतो, त्यावर समजा १८ टक्के लिहिलंय. मालकाचा माणूस म्हणतो, “डॉक्टरनेच १८ लिहिलंय, तर १८ च.”

हे दोन वेगळे टक्के आहेत. दाखल्यावरचा टक्का सांगतो की शरीराचं, किंवा नुसत्या त्या हाताचं, किती नुकसान झालं. कायदा विचारतो की कमावण्याची ताकद किती गेली. कोष्टकात नाव असलेली इजा असेल तर टक्केवारी कोष्टकाचीच लागते, दाखल्यावर काहीही असो. कोष्टकात नसलेली इजा असेल, उदाहरणार्थ शीर तुटून मनगट वळत नाही, तर डॉक्टरने कमाईची क्षमता किती गेली हे वेगळं नमूद करायला हवं, आणि ते करताना कोष्टकातल्या टक्क्यांचं भान ठेवायला हवं, असं कलम ४ च सांगतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना फक्त “दाखला द्या” न म्हणता काम काय होतं ते सांगा : कोणतं मशीन, दोन्ही हात लागतात का, किती किलो उचलायचं, पकड किती घट्ट लागते.

याचं जुनं आणि अजूनही रोज वापरलं जाणारं उदाहरण ओडिशातल्या जेपूरचं आहे. १९६८ मध्ये एका सिनेमागृहात सजावटीचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे हे अंशतः अपंगत्व, १०० च्या खालचं. पण आयुक्तांनी १०० टक्के धरले, आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींच्या पीठाने ते मान्य केलं. कारण साधं होतं : एका हाताने सुतारकाम होत नाही. कायद्यात पूर्ण अपंगत्वाची व्याख्याच अशी आहे की अपघाताच्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता, ती सगळी करायला तो असमर्थ झाला पाहिजे.

याचा अर्थ प्रत्येक तुटलेल्या बोटाला १०० टक्के मिळतात असा नाही. हेल्पर उद्या पॅकिंग करू शकत असेल, तर मालक तेच दाखवणार. पण कोष्टक ही कायम शेवटची रेघ नसते, आणि मग माणूस काय काम करत होता याचा पुरावा हा पगाराइतकाच जड होतो. आमच्या उदाहरणातला फरक बघा : ३० टक्क्यांना ५.९० लाख, १०० टक्क्यांना १९.६६ लाख.

मालकाकडून येणारी उत्तरं

“त्याने स्वतःच गार्ड काढला होता.” हे उत्तर कायद्यात आहे. दारू पिऊन असणं, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणं, किंवा गार्ड जाणूनबुजून काढणं, यामुळे अपघात झाला तर मालक सुटू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मात्र ही पळवाट बंद आहे. म्हणजे ती नेमकी आपल्या विषयात, अंशतः अपंगत्वात, उघडी राहते. पण ‘जाणूनबुजून’ या शब्दावर जोर द्या. घाई, थकवा, चूक, निष्काळजीपणा यांनी हक्क जात नाही. मशीनवर गार्ड कधी होताच का, असेल तर उत्पादनाचा वेग वाढावा म्हणून तो कुणाच्या सांगण्यावरून काढला, हे विचारायला हवं.

“तो ठेकेदाराचा माणूस.” कलम १२ प्रमाणे, धंद्याचं नेहमीचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते. तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करो.

“पन्नास हजार घेऊन सही केली आहे.” हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल आहे. आणि एकरकमी तडजोड केली असेल तर तिचा मसुदा आयुक्तांकडे पाठवून नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी वाटली किंवा दबावाने सही घेतल्याचं दिसलं तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोटरीच्या शिक्क्याने हे भागत नाही.

“दवाखान्याचा खर्च आम्हीच केला, तो वजा करा.” करता येत नाही. २००९ च्या दुरुस्तीपासून उपचाराचा खरा खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो. भरपाईच्या रकमेशी त्याचा संबंध नाही.

उशिराचा हिशेब

भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, आयुक्तांचा निकाल लागतो त्या दिवशी नाही. हाही त्याच सुताराच्या निकालातला मुद्दा. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर किमान १२ टक्के सरळ व्याज लागतं. आमच्या ५,८९,८६९ वर ते वर्षाला ७०,७८४ रुपये होतं, तीन वर्षांत दोन लाखांच्या वर. उशिराला समर्थनीय कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. मालकाने विमा उतरवला असेल तर भरपाई आणि व्याज विमा कंपनीकडून येऊ शकतं, पण दंड सहसा मालकाच्याच खिशातून जातो.

रकमेबद्दल वाद असला तरी मालकाला जेवढी मान्य आहे तेवढी लगेच द्यावी लागते. आणि निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जायचं तर आधी पूर्ण रक्कम जमा करावी लागते. “अपील केलंय, थांबा” हे पैसे न भरता म्हणता येत नाही.

नव्या संहितेने काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा तिच्यात विरघळला. तरी वरची कलमं मी मुद्दाम जुन्या कायद्याची दिली, कारण आधीच्या अपघातांना तोच लागू आहे. संहितेतही ६० टक्के, वयाचा गुणक आणि टक्केवारी हा सांगाडा तसाच ठेवलेला आहे.

दोन बदल आपल्याकडे जाणवतील. एक, ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या. मूळ पगार छोटा आणि भत्ते मोठे दाखवायची जी पद्धत आहे, तिला चाप आहे : वगळलेले भत्ते एकूण मेहनतान्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. सूत्रात पगार किती जड आहे ते आपण पाहिलंच.

दोन, येण्याजाण्यातला अपघात. घर ते काम आणि काम ते घर या प्रवासातला अपघात, वेळ-जागेचा आणि कामाचा संबंध दिसत असेल, तर कामातलाच धरावा असं संहितेत स्पष्ट लिहिलंय. जुन्या कायद्यापुरताही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सोडवला, आणि तो खटला महाराष्ट्रातलाच होता : साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ मध्ये मोटरसायकलवरून ड्युटीला जाताना वाटेत गेला होता. न्यायालयाने त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. नालासोपाऱ्याहून पहाटेची पाळी गाठायला निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

करायचं काय?

अपघाताच्या दिवशीच दवाखान्याच्या कागदावर ‘कामावर असताना, अमुक मशीनवर’ असं लिहून घ्या. ‘घरी पडला’ असं लिहायला कुणी सांगितलं तर नकार द्या. तो एक शब्द पुढचा सगळा गुणाकार शून्याने करतो.

एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, मशीनचा फोटो, पासबुक, हजेरी हे सगळं एका पिशवीत ठेवा. मालकाला लेखी कळवा.

दावा अपघातापासून दोन वर्षांत आयुक्तांकडे करायचा असतो. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो, पण त्यावर विसंबू नका. दावा अपघात झाला तिथेच करायला हवा असंही नाही. कामगार जिथे राहतो तिथेही करता येतो. हात गमावून उत्तर प्रदेशात किंवा जव्हार-मोखाड्याला घरी परतलेल्या माणसाला प्रत्येक तारखेला इकडे यायची सक्ती नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. वसई न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो.

आणि अजून कुठलाच अपघात झालेला नसेल, तर आजच एक काम करा. २०१७ च्या दुरुस्तीपासून, कामावर घेतानाच कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती लेखी, आणि त्याला कळेल अशा भाषेत द्यायची जबाबदारी मालकावर आहे. तुमच्या घरात किंवा चाळीत कुणी गाळ्यावर जात असेल तर विचारा, असा कागद मिळालाय का, ईएसआयचा नंबर आहे का, आणि पगार कागदावर किती लिहितात. बोटं शाबूत असताना हे प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात.